आकाशातला वळसा कोण ठरवतो?

भूगोलाच्या तासाला मास्तर विचारतात, अमुक गावापासून तमुक गाव किती लांब? मुले आकडा सांगतात आणि मार्क मिळवतात. आमचे म्हणणे असे आहे की, हा प्रश्न खरे तर नागरिकशास्त्राच्या तासाला विचारला पाहिजे. कारण दोन ठिकाणांतले अंतर पृथ्वी ठरवत असली, तरी त्या अंतराला लागणारा वेळ सत्ता ठरवते. हे पटत नसेल त्यांनी फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो या दोन शहरांच्या विमानतळांमधला प्रवास तपासून पाहावा.

या दोन विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे. १९८३ साली ते तेवढेच होते, २०१३ सालीही तेवढेच होते आणि आजही तेवढेच आहे. पृथ्वी काही ताणून लांब झालेली नाही. पण १९८३ साली या प्रवासाला सुमारे तेरा तास लागत. २०१३ साली तोच प्रवास साडेनऊ-दहा तासांत होत असे. आणि मार्च २०२२ नंतर त्याला पुन्हा सुमारे तेरा तास लागू लागले. चाळीस वर्षांत विमाने सुधारली, इंजिने सुधारली, संगणक आले, उपग्रह आले. आणि प्रवासी मात्र फिरून १९८३ सालात जाऊन बसला! हे कसे झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

प्रथम अंतराचा हिशेब समजून घेऊ. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवून हेलसिंकी ते टोकियो रेघ ओढली, तर ती मध्य आशिया आणि चीनवरून जाते आणि तोच जवळचा रस्ता वाटतो. नकाशा इथे फसवतो. पृथ्वी गोल आहे, म्हणून शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा आणि या दोन शहरांवर दोरा ताणून धरावा. तो दोरा हेलसिंकीतून ईशान्येकडे चढतो, आर्क्टिक वृत्त ओलांडतो, सैबेरियाच्या बर्फावरून खाली उतरतो आणि जपानला पोचतो. हाच खरा जवळचा रस्ता. या रस्त्याचा बहुतेक सगळा भाग एकाच देशाच्या डोक्यावरून जातो आणि तो देश म्हणजे रशिया. म्हणजे युरोप आणि जपान यांच्यामधल्या जवळच्या रस्त्याची किल्ली निसर्गाने एकाच घरमालकाच्या कमरेला अडकवून ठेवली आहे.

घरमालकाची मर्जी

ही किल्ली फिरली की जग लांब होते, हा अनुभव नवा नाही. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाने सैबेरियावरचे आकाश पाश्चात्त्य कंपन्यांना जवळजवळ बंदच ठेवले होते. फेब्रुवारी १९५७ मध्ये स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसने कोपनहेगनहून उत्तर ध्रुवाच्या बाजूने अलास्कातल्या अँकरेजला आणि तिथून टोकियोला जाणारी सेवा सुरू केली. पुढे कित्येक वर्षे युरोपातून जपानला जाणारा प्रवासी अमेरिकेच्या टोकाला, अँकरेजला उतरून, इंधन भरून पुढे जात असे. जायचे पूर्वेला आणि विमान निघायचे उत्तरेला! १९८३ साली फिनलंडच्या फिनएअर कंपनीने डीसी-१० विमानात जादा इंधनाची सोय करून मध्ये कुठेही न थांबता हेलसिंकी ते टोकियो सेवा सुरू केली. पण रस्ता तोच, ध्रुवावरचा. शेजारच्या घराच्या अंगणातून जाता येत नाही, म्हणून सगळ्या गावाला फेरी मारून मागच्या दारी जाण्याचा हा प्रकार होता.

त्याच वर्षी, १ सप्टेंबर १९८३ रोजी, अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते सखालिन बेटाजवळ पाडले. २६९ माणसे मेली. बंद आकाशाचा अर्थ काय असतो, हे त्या रात्री जगाला कळले. या घटनेनंतर अमेरिकेने आपली लष्करासाठी चाललेली जीपीएस यंत्रणा पुढे नागरी वापरासाठी खुली करण्याचे जाहीर केले. आज ज्या जीपीएसवर आपला रिक्षावालासुद्धा पत्ता शोधतो, तिच्या मागे २६९ प्रेतांचा इतिहास आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळला आणि सैबेरियाचे आकाश मोकळे झाले. मोकळे म्हणजे फुकट नव्हे. रशियावरून जाण्यासाठी युरोपीय कंपन्यांना रशियाच्या एरोफ्लोट कंपनीला पैसे मोजावे लागत. ही रक्कम वर्षाला कोट्यवधी युरो होती. गंमत पाहा, हा पैसा विमानतळाच्या सेवेबद्दल नव्हता, रडारच्या सेवेबद्दल नव्हता. तो केवळ ‘आमच्या डोक्यावरून जाता’ याबद्दल होता, आणि तो जात होता सरकारी तिजोरीऐवजी युरोपीय कंपन्यांशी स्पर्धा करणाऱ्या विमान कंपनीकडे! युरोपीय संघाने याविरुद्ध तक्रारी केल्या, २००६ साली ही वसुली टप्प्याटप्प्याने संपवण्याचा समझोता झाला. तरी घरमालकाने हात आखडता घेतला नाही.

फिनलंडने मात्र या मोकळ्या रस्त्यावर आपला धंदा उभा केला. साडेपाच दशलक्ष वस्तीचा हा लहान देश. त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या, युरोपच्या ईशान्य कोपऱ्यातली जागा आणि वरचा जवळचा रस्ता. युरोपातल्या कोणत्याही शहरातला माणूस हेलसिंकीत विमान बदलून जपान, कोरिया, चीनला कमी वेळात पोचेल, हे गणित मांडून फिनएअरने आशियाकडे मोर्चा वळवला. या कंपनीत बहुसंख्य भागभांडवल फिनलंड सरकारचे, म्हणजे तिथल्या जनतेचे आहे. लहान देशाने नकाशातल्या आपल्या कोपऱ्याचे भांडवल केले, यात गैर काहीच नव्हते. पण त्या भांडवलाची चावी दुसऱ्याच्या खिशात होती.

एका रात्रीत रस्ता बंद

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोपीय संघाने २७ फेब्रुवारीला रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. दुसऱ्याच दिवशी रशियाने ३६ देशांच्या विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले. त्यात फिनलंड होता. फिनएअरची टोकियो सेवा थांबली आणि ९ मार्च २०२२ रोजी ती पुन्हा सुरू झाली ती वळसा घालून.

आता या कंपनीकडे दोन रस्ते उरले. एक उत्तरेचा, म्हणजे नॉर्वे, स्वालबार्ड बेटे, उत्तर ध्रुव, मग अलास्काच्या बाजूने खाली जपान. दुसरा दक्षिणेचा, म्हणजे पोलंड, हंगेरी, बल्गेरिया, तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान, कझाकस्तान, चीन, कोरिया आणि मग जपान. हेलसिंकीहून ध्रुव आणि तिथून बेरिंगची सामुद्रधुनी गाठून टोकियोला उतरायचे, तर कागदावरच्या सरळ रेघांचीच बेरीज साडेदहा हजार किलोमीटरच्या पुढे जाते. प्रत्यक्षात रशियाचा कामचाटका टाळावा लागतो, त्यामुळे ती आणखी वाढते. त्या दिवशी वारा कुठून कसा वाहतो, हे पाहून दोनपैकी रस्ता निवडला जातो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तो कधी विमानाला पुढे ढकलतो, कधी मागे रेटतो. पूर्वी याच वाऱ्यामुळे जाताना लागणारा वेळ आणि येताना लागणारा वेळ यात फरक पडत असे. आता वाऱ्याच्या जोडीला राजकारणही आले.

ध्रुवावरून जाणाऱ्या प्रवाशांना कंपनीने ‘तुम्ही उत्तर ध्रुव ओलांडलात’ असे प्रमाणपत्र वाटले. प्रवाशांनी ते हौसेने घरी नेले. आम्हाला त्या प्रमाणपत्राचे हसू येत नाही. त्यामागे दडलेल्या हिशेबाची काळजी वाटते. तो हिशेब असा. या मार्गावरचे मोठे विमान तासाला पाच-सहा टन इंधन पिते. साडेतीन तास जादा उडायचे म्हणजे एका फेरीला अठरा-वीस टन इंधन जादा. जादा इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन लागते, आणि तेवढ्या वजनाचा माल खाली ठेवावा लागतो. एक टन इंधन जळले की तीन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका फेरीत साठ टनांच्या आसपास जादा धूर. वैमानिकांच्या कामाच्या तासांना मर्यादा असते, त्यामुळे प्रवास लांबला की जादा माणसे लागतात. विमान एका फेरीत जास्त वेळ अडकते, म्हणून आठवड्याच्या फेऱ्या कमी होतात. हे सारे शेवटी तिकिटात येते, नाही तर कामगाराच्या पगारात येते.

ते तसेच आले. फिनएअरने आशियातल्या अनेक फेऱ्या कमी केल्या, खर्चकपातीची कुऱ्हाड चालवली, कर्मचाऱ्यांशी कपातीच्या वाटाघाटी केल्या आणि पुढे आपली दोन मोठी विमाने कर्मचाऱ्यांसह ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीला भाड्याने दिली. युक्रेनवर हल्ला करण्याचा निर्णय हेलसिंकीच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्याने घेतला नव्हता. तो हवाई सुंदरीने घेतला नव्हता. पण वळशाची किंमत त्यांच्या घरापर्यंत पोचली.

एकाला वळसा, दुसऱ्याला वाट

वाचकहो, या प्रकरणातला सर्वात बोलका भाग पुढेच आहे. रशियाने आकाश सर्वांना बंद केले नाही. चीनच्या विमान कंपन्या सैबेरियावरूनच युरोपात येत-जात राहिल्या. त्यांचा रस्ता जवळचा, वेळ कमी, इंधन कमी, तिकीट स्वस्त. परिणाम व्हायचा तोच झाला. व्हर्जिन अटलांटिकने २०२२ मध्ये हाँगकाँग आणि २०२४ मध्ये शांघाय सेवा बंद केली. ब्रिटिश एअरवेजने २०२४ मध्ये लंडन-बीजिंग सेवा थांबवली. ज्याला वाट मिळाली त्याने बाजार घेतला आणि ज्याच्या वाट्याला वळसा आला, तो बाजारातून उठला. यात कोणाची सेवा चांगली, कोणाचे कष्ट जास्त, याला महत्त्व राहिले नाही. ‘गुणवत्ता’, ‘स्पर्धा’, ‘खुला बाजार’ असे शब्द उठता-बसता उच्चारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. एकाला दहा तासांचा रस्ता आणि दुसऱ्याला तेरा तासांचा, आणि शर्यत म्हणे एकच! आधी कोणाला कोणती वाट दिली हे लपवायचे आणि नंतर कोण मागे राहिला याची चर्चा करायची, ही चाल आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या देशातल्या एअर इंडियाची कथा तर अशी आहे, की ती एकाच वेळी दोन्ही रांगांत उभी राहिली. रशियाने भारताला बंदी घातली नाही, म्हणून दिल्लीहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाणारे तिचे विमान रशियावरून जात राहिले आणि त्या सवलतीवर अमेरिकी कंपन्या चरफडत राहिल्या. ६ जून २०२३ रोजी दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाच्या इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान या गावी उतरले. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी तिथे अडकले. त्यांना नेण्यासाठी दुसरे विमान पाठवावे लागले. जवळच्या वाटेचीही एक किंमत असते, ती अशी.

पण पश्चिमेच्या बाजूला हीच कंपनी वळसेवाली झाली. बालाकोटच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने २७ फेब्रुवारी २०१९ पासून आपले आकाश बंद केले, ते १६ जुलैला उघडले. एअर इंडिया तेव्हा सरकारी कंपनी होती. २ जुलै २०१९ पर्यंत तिचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. हा पैसा तुमचा-आमचा होता. पाकिस्तानलाही आकाशातून मिळणाऱ्या भाड्यावर पाणी सोडावे लागले. दोन्हीकडच्या जनतेच्या खिशाला भोक पडले. पुढे पहलगामच्या हत्याकांडानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना पुन्हा आकाश बंद केले, आणि भारतानेही काही दिवसांत तेच केले. एअर इंडियाच्या अमेरिकेला जाणाऱ्या विमानांना इंधनासाठी युरोपात थांबावे लागले. १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा तिने बंदच केली.

मोठ्या शहरांच्या बातम्या छापून येतात. लहान बातमी कोणाच्या लक्षात राहत नाही. दिल्ली ते ताश्कंद सरळ अंतर जेमतेम १,६०० किलोमीटर. पण मध्ये पाकिस्तान. एप्रिल २०२५ च्या अखेरीस इंडिगोने दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची सेवा थांबवली, कारण तिच्या लहान विमानांना वळसा घालून तिथे पोचणे जमेना. या मध्य आशियाई देशांत भारतातली हजारो मुले डॉक्टरकीचे शिक्षण घेतात. महाराष्ट्रातलीही घेतात. इथल्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची फी परवडत नाही, म्हणून शेत विकून, कर्ज काढून पाठवलेली ही मुले आहेत. श्रीमंताचे पोर लंडनला जाताना एखादा तास जादा बसते आणि एक सिनेमा जादा पाहते. गरिबाच्या पोराचे विमानच रद्द होते. आकाश बंद होते तेव्हा ते सर्वांना सारखे बंद होत नाही.

हक्क आणि हत्यार

मग आकाशावर देशाची मालकी असूच नये काय? असे म्हणणारे काही ‘उदारमतवादी’ भेटतात. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की, प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व आहे. जगातले बहुसंख्य देश तेव्हा साम्राज्यांच्या ताब्यात होते. पुढे स्वतंत्र झालेल्या आशिया-आफ्रिकेच्या देशांना हेच कलम ढाल म्हणून उपयोगी पडले. आपल्या डोक्यावरून कोण जाणार, हे विचारण्याचा अधिकार दुबळ्या राष्ट्राला नसेल, तर बलवानाची लढाऊ विमाने त्याच्या घरावरून केव्हाही जातील. तेव्हा मालकी हवी. प्रश्न मालकीचा नाही, तिच्या वापराचा आहे.

त्याच करारातले पंधरावे कलम फार महत्त्वाचे आहे. केवळ वरून जाण्याच्या हक्काबद्दल कोणत्याही राष्ट्राने पैसा आकारू नये, असे ते सांगते. सेवेचे पैसे घ्या, रडारचे घ्या, धावपट्टीचे घ्या. पण नुसत्या वाटेचे घेऊ नका. सैबेरियाची वसुली या कलमाच्या तोंडावर मारलेली चपराक होती आणि ती वर्षानुवर्षे चालली. ज्यांना घाई होती त्यांनी निमूटपणे पैसे मोजले. कायदा चांगला असून भागत नाही. तो राबवणारा हात कोणाचा, हे पाहावे लागते. ही गोष्ट या देशातल्या दलित-बहुजनांनी कोणाकडून शिकायची गरज नाही.

आपल्या खेड्यात कोणी शेताची वाट अडवली, पांदण रस्त्यावर दगड टाकले, तर १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते. तहसीलदार जागेवर येतो, पंचनामा होतो, अडथळा काढण्याचा हुकूम देता येतो. तो हुकूम गरिबाच्या बाजूने किती वेळा होतो, हे वेगळे. निदान दार ठोठावायला एक दार आहे. आकाशातली वाट अडली तर तहसीलदार कुठे?

कागदावर तो आहे. त्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात सापडते. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले आणि तिथे जाळण्यात आले. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. तेव्हा पाकिस्तान पश्चिमेला आणि पूर्वेला अशा दोन तुकड्यांत होते. कराची ते ढाका सरळ अंतर सुमारे २,३५० किलोमीटर. एकाच देशाची ही दोन शहरे, पण मध्ये भारत. आता पाकिस्तानी विमानांना दक्षिणेकडे उतरून, श्रीलंकेत कोलंबोला इंधन भरून, बंगालच्या उपसागरावरून वर जावे लागे. अंतर जवळजवळ दुप्पट झाले. पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे गेला. या संघटनेच्या परिषदेला हा वाद ऐकण्याचा अधिकारच नाही, असे भारताचे म्हणणे होते. ते घेऊन भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, परिषदेला अधिकार आहे. पण तोवर काय झाले होते? डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश जन्माला आला होता. कराची आणि ढाका एका देशात उरलेच नव्हते. ज्या वाटेसाठी भांडण होते ती वाटच नाहीशी झाल्यावर तहसीलदाराच्या अधिकाराचा निकाल लागला!

मात्र या उदाहरणाची दुसरी बाजू आम्ही दडवणार नाही. तो वळसा पडला म्हणून पश्चिम पाकिस्तानातून ढाक्याला सैनिक आणि दारूगोळा नेणे लष्करी राजवटीला महाग आणि अवघड झाले. त्याच सैन्याने मार्च १९७१ पासून बंगाली जनतेची कत्तल केली. बंद आकाशाने त्या जुलमाचा वेग थोडा तरी कमी केला असेल, तर त्या बंदीला नुसते वाईट म्हणून मोकळे होता येणार नाही. म्हणून आम्ही आकाश बंद करण्याकडे पाहताना एकच कसोटी लावतो. ही भिंत कोणाला अडवते? सैन्याला अडवते की शिकायला निघालेल्या पोराला? जुलूम करणाऱ्याचा हात धरते की विमानतळावर हमाली करणाऱ्याचा घास काढते?

या कसोटीवर २०२२ ची रशियाची बंदी नापास होते. ती आक्रमण करणाऱ्याने घातली, आणि तिने एकही तोफ थांबली नाही. फिनलंड मात्र तिने नमला नाही, हेही नोंदवले पाहिजे; ४ एप्रिल २०२३ रोजी तो नाटोत दाखल झाला. ते पाऊल योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतील. पण वाट अडवून माणसे शरण येतात, हा वाट अडवणाऱ्यांचा समज पुन्हा एकदा खोटा ठरला.

जिथे बंद करायला हवे होते

आणखी एक कडू सत्य. आकाश जिथे खरोखर बंद करायला हवे असते, तिथे पुष्कळदा ते उघडे राहते. १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचे एमएच-१७ विमान ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला जात होते. खाली पूर्व युक्रेनमध्ये युद्ध चालू होते, लष्करी विमाने पाडली जात होती. तिथले आकाश ३२ हजार फुटांपर्यंत बंद होते आणि त्यावर उघडे. हे विमान ३३ हजार फुटांवर होते. क्षेपणास्त्राला हजार फुटांचा फरक समजत नाही. २९८ माणसे मेली. २५ डिसेंबर २०२४ रोजी अझरबैजान एअरलाइन्सचे विमान ग्रोझ्नीजवळ रशियन हवाई संरक्षणाच्या माऱ्यात सापडले आणि कझाकस्तानात अक्ताऊजवळ कोसळले. ३८ माणसे मेली. म्हणजे वळसा हा नेहमीच अन्याय असतो असे नाही. कधी कधी वळसाच जीव वाचवतो. तीन तास उशिरा पोचलेला माणूस घरी पोचतो, हे विसरून चालणार नाही.

यातून आम्ही तीन गोष्टी मागतो. पहिली, माणसांचा जीव धोक्यात आहे म्हणून आकाश बंद करायचे असेल, तर तो निर्णय युद्ध करणाऱ्या सरकारच्या मर्जीवर सोडू नये. शिकागो कराराखाली उभ्या राहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेला तो तातडीने घेण्याचे अधिकार आणि बळ द्यावे. दुसरी, पंधराव्या कलमाप्रमाणे नुसत्या वाटेचा पैसा घेणे सर्वत्र थांबले पाहिजे, मग घेणारा मॉस्को असो की आणखी कोणी. तिसरी, शिक्षा म्हणून आकाश बंद करणाऱ्या प्रत्येक सरकारने, आपल्याही, त्याचा हिशेब आपल्या जनतेपुढे मांडला पाहिजे. किती फेऱ्या गेल्या, किती रुपये गेले, कोणाच्या नोकऱ्या गेल्या, किती विद्यार्थी अडकले आणि बदल्यात शत्रूचे नेमके काय बिघडले? २०१९ साली संसदेत प्रश्न विचारला गेला म्हणून ४९१ कोटींचा आकडा बाहेर आला. देशभक्तीच्या घोषणा दिल्या की आकडे विचारायचे नाहीत, असा संविधानात कुठेही नियम नाही.

काही जण म्हणतील, विमान हा श्रीमंतांचा विषय. त्याच्याशी आपल्याला काय देणेघेणे? रेल्वेबद्दलही एकेकाळी असेच म्हणत, आणि परदेशी शिक्षणाबद्दलही. आज आपल्या वस्तीतली मुले आखातात कामाला जातात, मध्य आशियात शिकायला जातात, युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांत पोचतात. त्यांच्या हातातल्या तिकिटावर ‘प्रवासाचा वेळ’ असा रकाना छापलेला असतो. तो आकडा विमानाच्या इंजिनाने एकट्याने ठरवलेला नसतो. त्यात कोणाचे युद्ध, कोणाची वसुली, कोणाची मैत्री आणि कोणाचा सूड मिसळलेला असतो. तो रकाना वाचायला आपल्या मुलांना शिकवले पाहिजे. अंतर मोजता येणे ही विद्या आहेच; वाट कोणी अडवली आणि ती कशी उघडायची, हे विचारता येणे ही त्यापुढची विद्या आहे.